बायोएन्झाइम, आमसूल, रिठा, सोडा: दिवाळीपासून वापरतेय, कशाने काय निघालं

दिवाळीच्या साफसफाईपासून घरात विकतचे क्लीनर जवळजवळ बंद केलेत, आता पावसाळा तोंडावर आलाय तरी चालू आहे, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. असल्या घरगुती क्लीनरच्या व्हिडिओत काय होतं की बाटलीत साली भरल्या, झाकण लावलं, संपलं, पुढे त्याने खरंच काय निघालं ते कोणी दाखवत नाही.

तर आधी बायोएन्झाइम, म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं क्लीनर, कारण सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच. प्रमाण १:३:१०, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-संत्र्या-मोसंबीच्या साली आणि १ लिटर पाणी, आणि ३ महिने वाट बघायची. बाटली प्लॅस्टिकचीच घ्या, काचेची नको, वर चांगली जागा सोडा, कारण पहिला महिनाभर गॅस होतो आणि रोज झाकण सैल करावं लागतं, गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देऊन "झाडांना पाणी घाला आणि बाटलीचं झाकण उघडा" असं सांगून जावं लागतं, त्या अजून हसतात. वर पांढरा पापुद्रा आला तर चालतो. काळी बुरशी आली तर गूळ टाकून हलवा म्हणतात, मी सरळ ओतून देते.

आता काम. फरशी पुसायला बादलीत थोडंसं टाकलं की छान, चिकटपणा राहत नाही, मोरीचा वासही कमी होतो. पण तेलकट डागाला काही उपयोग नाही हो, गॅसमागच्या टाइल्सवर कितीही मारा. नावात एन्झाइम असलं तरी मला तरी त्याच्यात मुख्य काम आंबटपणाच करतो असं दिसतंय, साली आंबून त्यात व्हिनेगरमधलंच ॲसिड तयार होतं. त्यामुळे जिथे आंबट चालतं तिथेच हे चालतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रयोग करायचीच गरज उरत नाही.

आमच्याकडे बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर, त्यामुळे नळांवर पांढरा क्षार, शॉवरची अर्धी भोकं बंद. हा क्षार आंबटात विरघळतो. रोजच्या पुसण्याला बायोएन्झाइम ठीक, पण जुना थर असेल तर ३ महिने कशाला थांबायचं, किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणा, कपभर कोमट पाण्यात एक चमचा, त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवा. बारीक बुडबुडे येतात, मग फडकं काढलं की तोटीच्या कडेचा थर नखाने पापुद्र्यासारखा सुटतो, बघायला फार समाधान वाटतं. रात्रभर मात्र ठेवू नका, नळाची चकाकी जाते.

आणि हे महत्त्वाचं, ज्यांच्याकडे कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी किंवा देवघराला संगमरवर आहे त्यांनी लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यातलं काहीच तिथे लावू नका. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आंबट त्यांना खातं, पॉलिश उडून फिकट चट्टा पडतो आणि तो मग घासून जात नाही. नॅचरल आहे म्हणजे काही होणार नाही असं नसतं.

तेलकटपणाला आंबटाच्या उलट बाजूचं लागतं, खायचा सोडा नाहीतर धुण्याचा सोडा, गरम पाणी. टाइल्स, ट्रॉलीचे कोपरे, करपलेली स्टीलची कढई (पाणी आणि सोडा घालून उकळायचं, मग काथ्या) सगळं निघतं. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा नको, काळं पडतं, चिमणीची जाळी कशाची आहे ते आधी बघा. आणि तो सोडा अधिक व्हिनेगरचा फसफसणारा प्रकार, फेस बघायला मजा येते पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ खारट पाणी उरतं. वेगवेगळे वापरा ना!

तांब्यापितळेला सासूबाईंचं आमसूल. त्या रत्नागिरीकडच्या, वापरून झालेली आमसुलं फेकत नाहीत, थोडं मीठ लावून त्यानेच समया आणि तांब्या घासतात. चिंचेनेही निघतं, पण आमसुलाने हात फिरेल तिथे लगेच गुलाबी तांबं दिसायला लागतं. धुऊन लगेच कोरडं पुसायचं, ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत काळपट.

कपड्यांवरची हळद, हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय डाग. साबण लावला की लाल होतो, घाबरायचं नाही, साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग बदलतो, नीट खळबळून धुतला की परत पिवळा होतो. मग ओलाच कपडा कडक उन्हात, डाग सूर्याकडे करून. आमटीचे डाग असलेले नॅपकिन दोनतीन दुपारीत साफ होतात, यात लिंबू-बिंबू काही लागत नाही. पावसाळ्यात मात्र बोंबला. रक्ताचा डाग गार पाण्यानेच, गरम पाण्याने पक्का बसतो.

रिठा मी फक्त सिल्क आणि स्वेटरला ठेवलाय. रात्री भिजवून सकाळी उकळून गाळायचा, फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नका, फिकट कपड्यावर तपकिरी छटा राहू शकते. फ्रीजबाहेर लवकर आंबतो आणि मग वास असा की विचारू नका.

काजूच्या बोंडाचा आणि केळीच्या चिकाचा डाग कशानेच गेला नाही, सासूबाई म्हणतात तो जायचा नसतो, मे महिन्यात गावाला जुनेच कपडे घाला.

कमोडला मी अजून विकतचंच वापरते. आणि कोणाकडे ब्लीच असेल तर त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.