वर्गाचे नियम: तयार तक्ता, मुलांनी केलेले नियम की रोजचा सराव?

जूनमध्ये शाळा उघडते, नवे शिक्षणसेवक रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाला वळण कसं लावायचं हा प्रश्न समोर येतो. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत त्याची तीन उत्तरं दिसतात. कुणी नियमांचा तयार तक्ता भिंतीवर लावतं. कुणी मुलांना बसवून त्यांच्याकडूनच नियम काढून घेतं. कुणी नियमांचं फारसं बोलतच नाही, रोजची कामं मात्र पुन्हापुन्हा करून घेतं. तुम्हाला यातलं एक निवडायचं असेल तर आधी एक गोष्ट बघा. ‘कुणाला चिडवायचं नाही’ हा नियम झाला. पाणी प्यायला कधी आणि कसं जायचं, वह्या कुठे ठेवायच्या, लिहून झालं की काय करायचं, ही झाली रोजची रीत. बहुतेक गोंधळ नियम मोडल्यामुळे होत नाही, रीत ठरलेली नसते म्हणून होतो.

तक्त्याचा फायदा उघड आहे. पाच मिनिटांत काम होतं आणि दोन शिक्षकांच्या शाळेत दोघांचं बोलणं एक राहतं. पण पहिलीच्या मुलाला तो वाचता येत नाही, आणि ‘शिस्त पाळा’ हे वाचता येणाऱ्यालाही उमगत नाही. ‘दंगा करू नका’ म्हणजे नक्की काय? कविता म्हणताना मोठा आवाज हवा, गणित सोडवताना नको, गटात बसल्यावर शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकाच हवा. एवढं सगळं तक्त्यात मावत नाही. मोठ्या मुलांना आठवण म्हणून तक्ता चालेल. सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

मुलांकडून नियम घेणं मला मनापासून आवडतं, पण चौथीपासून पुढे. ‘कोणते नियम हवेत?’ असं विचारलं की मुलं पाठ केलेलं बोलतात. त्याऐवजी ‘मागच्या वर्षी वर्गात कशाचा त्रास झाला?’ असं विचारून बघा. न विचारता कंपास घेतात, उत्तर चुकलं की हसतात, नावं ठेवतात, असं खरं काहीतरी बाहेर येतं. त्यातून चार-पाच नियम काढले की पुरे. मुलांवर असा विश्वास टाकणं साताऱ्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि रोजची कामं आपली आपण करायची.

इथे दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. पहिलं शिक्षेचं. मुलं एकमेकांसाठी फार कडक शिक्षा सुचवतात: उठाबशा, दहा रुपये दंड, दिवसभर उभं राहणं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. मुलांनीच ठरवलं म्हणून उठाबशा चालत नाहीत, हे त्यांना तिथेच सांगा. सांडलं तर पुसायचं, दुसऱ्याची वही फाडली तर जोडून द्यायची, अशा भरपाईकडे चर्चा वळवा. दुसरं, नियम तुम्ही आधीच ठरवलेले असतील तर मुलांच्या तोंडून ते वदवून घेऊ नका. मुलांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा सरळ तक्ता लावलेला बरा.

आता सराव. एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन या अमेरिकन अभ्यासकांनी तिसरीच्या २७ वर्गांचं वर्षाच्या सुरुवातीपासून निरीक्षण केलं आणि १९८० मध्ये ते प्रसिद्ध केलं. चांगल्या चाललेल्या वर्गांतल्या शिक्षकांनी पहिल्या आठवड्यांत रोजच्या रीती एखाद्या धड्यासारख्या शिकवल्या होत्या आणि मुलं त्या पाळतात की नाही यावर बारीक लक्ष ठेवलं होतं.

पोषण आहाराची रांग घ्या. आधी तुम्ही स्वतः ताट घेऊन हात धुण्यापासून जागेवर बसण्यापर्यंत सगळं करून दाखवा. मग दोन मुलं करतील, बाकीची बघतील आणि काय नीट झालं ते सांगतील. मग सगळा वर्ग, रिकाम्या ताटांनीच. धक्काबुक्की झाली तर न रागावता ‘परत एकदा करू’ म्हणायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला कुठे ठेवायच्या, याचाही असाच सराव लागतो. नाहीतर वर्गात चिखल होतो आणि पहिला तास पुसण्यात जातो.

यात वेळ जातो हे खरं. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं धरा. अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती मला समजते, पण एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर ही मिनिटं परत मिळतात. तुम्ही तिसरीला शिकवताना चौथीला पुढे काय करायचं ते माहीत असेल, तरच तिसरीचा धडा पुरा होतो.

निवड करायची तर पहिली-दुसरीला फक्त सराव, आणि नियम तुम्हीच सांगितलेले दोन-तीन. चौथी ते सातवीला नियम मुलांचे, रीती तुमच्या, आणि सराव दोन्हींचा. बहुवर्ग शाळेत जूनमध्ये आधी रीती बसवा. नियमांची चर्चा जुलैत केली तरी चालते.

कराडसारख्या उसाच्या पट्ट्यात शाळा असेल तर सरावाचं पारडं आणखी जड होतं. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतं आणि ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात. तक्ता त्यांच्या ओळखीचा नसतो, जूनमधल्या चर्चेत ती नसतात. त्या मुलांना वेगळं काढून समजावू नका. सुट्टीनंतर तसाही सगळ्यांना विसर पडलेला असतो, तेव्हा अख्ख्या वर्गाचा सराव पहिल्यापासून घ्या, प्रत्येक नव्या मुलाला एक जुना सोबती द्या, आणि नियमांच्या यादीत त्या मुलांना काय घालावंसं वाटतं तेही विचारा.