ड्राफ्टिंगचा वीकेंड क्लास केला, अनुभव लिहितेय

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एक वकील सर एलएलबीच्या पोरांसाठी ड्राफ्टिंग (म्हणजे नोटिसा, दावे, अर्ज लिहिणं) आणि उलटतपासाचा क्लास घेतात, सहा शनिवार-रविवार, फी साडेचार हजार. मी थर्ड इयरला आहे. ड्राफ्टिंगचा पेपर आम्हाला आहेच, पण कॉलेजात सगळे सीनियर्सची जर्नल उतरवून काढतात, मीपण तेच केलं, मार्क चांगले पडले, आणि इंटर्नशिपला साधी चेक बाउन्सची नोटीस काढायला सांगितली तर तासभर कागद कोराच. म्हणून गेले.

इथे पहिल्याच दिवशी हातात चेक, बँकेचा रिटर्न मेमो (चेक वटला नाही अशी चिठ्ठी) आणि क्लायंटची तोंडी हकीकत, बास. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, मग महिन्याच्या आत तक्रार, हे चेक बाउन्सचं कलम १३८ मला पाठ होतं पण कॅलेंडर समोर ठेवून तारखा लावताना निम्मा वर्ग चुकला.

खरं शिकले ते कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहिताना. दाव्यात होतं की प्रतिवादीने २,४०,००० रुपये हातउसने घेतले. मी लिहिलं, 'प्रतिवादीने २,४०,००० रुपये घेतले नाहीत.' सरांनी लाल पेनाने खाली रेघ मारली आणि विचारलं, मग किती घेतले? मला काही सुचेना. सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर ८ मध्ये नेमकं हेच दिलंय, ती रक्कम किंवा तिचा कुठलाही भाग घेतला नाही असं स्पष्ट लिहायचं, मोघम नाकारलं तर कबूल धरलं जाऊ शकतं. 'मजकूर खोटा व खोडसाळ असून मान्य व कबूल नाही' एवढं एकदा ठोकून भागत नाही, परिच्छेदवार उत्तर द्यावं लागतं. माझा कागद तीनदा परत आला, चौथ्यांदा एकही रेघ नव्हती. तो जपून ठेवलाय.

कमी पडलं ते उलटतपासाला. बॅच ३० जणांची, प्रत्येकाला जेमतेम दहा मिनिटं. मी साक्षीदाराला 'का' विचारून बसले आणि त्याने अख्खी बाजू मांडून घेतली, परत करून बघायला वेळच नाही. आणि मराठी ड्राफ्टिंगला फक्त अर्धा दिवस! मी बार्शीची, प्रॅक्टिस तिकडेच करायचीय, तालुक्याला दावे-कैफियती मराठीतच लिहिल्या जातात, मला निशाणी ५ चा, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरत्या मनाईचा अर्ज मराठीत नीट शिकायचा होता. सरांना तसं सांगितलं तर पुढच्या बॅचला त्यासाठी पूर्ण रविवार ठेवतो म्हणाले, आणि जुन्या पोरांनी त्या दिवशी फी न देता येऊन बसायचं.