स्वबळ की सहकार्य : आकुर्डीत चालून पाहिलेले दोन मार्ग
संस्थेने स्वतःच्याच अनुभवावर विसंबून राहावे की बाहेरचे ज्ञान आत येऊ द्यावे, हा प्रश्न पुणेकरांसाठी निव्वळ पुस्तकी नाही. शहरालगतच्या आकुर्डीतील बजाज ऑटोने दोन्ही मार्ग चालून पाहिले आहेत.

इटलीच्या पियाज्जिओ कंपनीचा स्कूटर बनवण्याचा परवाना 1971 मध्ये संपल्यावर कंपनीने ‘चेतक’ ही स्कूटर स्वबळावर बनवली. या मार्गाचे फायदे खरे होते: दुरुस्ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही येत असे आणि मागणी इतकी, की ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत. मात्र ती प्रतीक्षायादी परवाना-राजचीही (उत्पादनावरील सरकारी परवान्यांच्या बंधनांचीही) देणगी होती, आणि स्पर्धेविना मिळालेले यश संस्थेला स्वतःची उणीव दाखवत नाही. 1991 नंतर बाजार खुला होऊन ग्राहक मोटारसायकलींकडे वळू लागले, तेव्हा ती दिसली. 2009 मध्ये कंपनीने स्कूटर बंद करण्याचा निर्णय घेतला.

दुसरा मार्ग 1980च्या दशकात जपानच्या कावासाकीशी झालेल्या सहकार्याचा. त्यात परावलंबनाचा धोका होताच. पण येथील अभियंत्यांनी परके तंत्र नुसते उचलले नाही, तर पचवले, म्हणूनच 2001च्या ‘पल्सर’ मोटारसायकलचे इंजिन घरच्या संशोधन विभागात घडू शकले, आणि 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत भागभांडवल घेताना कंपनी केवळ शिकाऊ राहिली नव्हती.

माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, तरी पहिला मार्ग वाया गेला असे मी म्हणणार नाही. चेतकच्या वर्षांत हात बसलेली माणसे नसती, तर जपानी आराखडे बहुधा कपाटातच राहिले असते.