जागतिक ॲथलेटिक्स: दूरचित्रवाणी की थेट निकालांचे पान?

नाशिकमध्ये बसून जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेचा मागोवा घ्यायचा तर दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण आणि मोबाइलवरील थेट निकालांचे पान, असे दोन मार्ग आहेत. २०२३ मध्ये बुडापेस्टला पहिली फेक अवैध ठरल्यानंतर नीरज चोप्राने दुसऱ्या प्रयत्नात ८८.१७ मीटर अंतर गाठले आणि भाला जमिनीला टेकण्याआधीच तो हात उंचावून प्रेक्षकांकडे वळला. हा आत्मविश्वास आकड्यांतून कधीच दिसला नसता. मात्र त्याच अंतिम फेरीत पाचव्या आलेल्या किशोर जेनाची आणि सहाव्या आलेल्या डी. पी. मनूची प्रत्येक फेक ओळीने तपासायची तर निकालांचे पानच उपयोगी पडते, कारण धावपट्टीवर आणि मैदानात एकाच वेळी स्पर्धा चालू असताना कॅमेरा कुठे वळेल, हे आपल्या हाती नसते.

लांब पल्ल्याच्या शर्यतींवर तर यामुळे सर्वाधिक अन्याय होतो. १०,००० मीटरच्या २५ फेऱ्यांपैकी मधल्या फेऱ्या बहुधा प्रक्षेपणातून गळतात, आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच अंतरात कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत ज्या जिल्ह्याची, तेथील रसिकांना नेमका त्याच फेऱ्यांतील वेग जाणून घ्यायचा असतो. १०० मीटरसाठी पडदा पुरेसा आहे. १०,००० मीटरसाठी मी टप्प्याटप्प्याच्या वेळांनाच पसंती देईन.