मराठी विकिपीडियावर लिहिताना: दृश्य संपादन की स्रोत संपादन?

विकिपीडियावर लेख दोन पद्धतींनी लिहिता येतो: दृश्य संपादनात मजकूर वाचकाला दिसतो तसाच दिसतो, स्रोत संपादनात त्यामागची चिन्हं दिसतात. नव्याने लिहू लागलेल्यांनी दोहोंपैकी काय निवडावं, हे माझ्या मते कळफलकावर ठरतं. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कळफलकावर, टंकत असाल तर दृश्य संपादनच घ्या.

स्रोत संपादनात मजकुराला रूप मिळतं ते चिन्हांनी. शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं दिली की तो ठळक, दोन-दोन दिली की तिरपा. ओळीच्या दोन्ही टोकांना == म्हणजे मथळा, [[ ]] म्हणजे दुवा. आता इन्स्क्रिप्ट बघा: अवतरणचिन्हाच्या कळीवर ट, चौकटी कंसांच्या कळींवर ड आणि नुक्ता, बरोबरच्या कळीवर ऋकाराची खूण. प्रत्येक दुव्यासाठी इंग्रजी कळफलकावर जा, परत या. लिहिण्याची लय पार मोडते. दृश्य संपादनात शब्द निवडून कंट्रोल-बी केलं की ठळक, कंट्रोल-आय केलं की तिरपा.

दुव्यांचा त्रास मराठीत जास्तच, कारण आपली नामं विभक्ती घेऊन येतात. वाक्यात 'पुण्याच्या' असतं, लेख 'पुणे' नावाने असतो. स्रोतात लिहायचं [[पुणे|पुण्याच्या]], आणि असं दर परिच्छेदात दोन-चारदा. ती उभी रेघही इन्स्क्रिप्टवर नाही. दृश्य संपादनात 'पुण्याच्या' निवडा, कंट्रोल-के दाबा, शोधचौकटीत 'पुणे' टाकून लेख निवडा. रेघ आपोआप पडते.

तक्त्यांबद्दल तर वादच नको. स्रोतात एक रकाना वाढवायचा तर प्रत्येक ओळीत हात घालावा लागतो. दृश्य संपादनात ते दोन क्लिकचं काम.

मग स्रोत संपादन कशाला शिकायचं? चर्चा पानांवर आणि साच्यांच्या (अनेक लेखांत वापरायच्या तयार तुकड्यांच्या) पानांवर दृश्य संपादक चालत नाही, म्हणून. शिवाय लेखाच्या बाजूची लांबलचक माहितीचौकट दुसऱ्या लेखातून उचलून बदलायची असेल, किंवा चित्रांच्या ओळीत 'इवलेसे', 'उजवे' अशा सूचना भराभर द्यायच्या असतील, तर स्रोतात हात जास्त मोकळा राहतो. लेख कुठे बिघडला आहे हेही तिथेच कळतं.

एक काळजी घ्या. दृश्य संपादनात ''' अशी चिन्हं टंकू नका. शब्द ठळक होत नाही, चिन्हं लेखात तशीच उमटतात आणि स्रोतात 'नोविकी'चा ('ही चिन्हं साधा मजकूर समजा' सांगणाऱ्या खुणांचा) कचरा साचतो. वर्डमधून मजकूर चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, म्हणजे तिथली सजावट सोबत येत नाही.

तिरप्या अक्षरांसाठी मात्र दोन्हीकडे फार धडपडू नका. देवनागरीच्या बहुतेक फाँटांना स्वतंत्र तिरपी अक्षरं नसतात. ब्राउझर सरळ अक्षरंच कलंडवतो आणि जोडाक्षरं वाचायला जड जातात.

पेन्सिलीच्या खुणेवरून, जतन न करताही, एका संपादकातून दुसऱ्यात जाता येतं. मजकूर दृश्यात लिहा आणि जतन करण्याआधी स्रोतात जाऊन साचे व वर्ग तेवढे डोळ्यांखालून घाला.