१९७६ ची स्ट्रॅट गिटार म्हणून १ लाख ९२ हजारांना फसलो

लिहू की नको करत दोन महिने गेले. घरी अजून पूर्ण आकडा माहीत नाही, बायकोला फक्त बँकेतून गेलेले ९२ हजार माहितीयत, वरची लाखाची कॅश मी सांगितलेली नाही. पण गेल्या आठवड्यात जे बघितलं त्यानंतर गप्प बसवेना.

मी डोंबिवलीचा, वय ४४. कॉलेजपासून गिटार वाजवतो, तेव्हा एका सिनियरची गिटार मागून मागून वाजवायचो, आणि एकदा तरी खरी सत्तरच्या दशकातली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, ही इलेक्ट्रिक गिटार आपली असावी हे वीस वर्षं डोक्यात होतं. म्हणजे कोणी म्हणेल काहीच माहिती नसताना घ्यायला गेला, तर तसं नाहीये. सहा महिने वाचत होतो. १९७६ पासून सिरियल नंबर नेकप्लेटवरून (नेक म्हणजे मान, ती बॉडीला जोडते तिथली मागची पट्टी) हेडस्टॉकवर (मानेच्या वरच्या टोकावर) आला हे मला माहीत होतं, एस६ म्हणजे ७६ हे माहीत होतं, पाच पोझिशनचा स्विच ७७ ला आला आणि त्याआधी तीनचाच होता हेही माहीत होतं. माहिती होती म्हणूनच फसलो असं आता वाटतं, कारण समोरचा मला हवं तेवढंच दाखवत होता.

जाहिरात ॲपवर होती. सनबर्स्ट बॉडी, काळा पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पट्टी), मोठा हेडस्टॉक, एस६ चा नंबर. किंमत २ लाख ७५ हजार. गोष्ट अशी की मामा बोटीवर होते, ७८ ला अमेरिकेतून आणली, मग मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे, आता मामा गेले, घरात कोणी वाजवत नाही. आता ही गोष्ट खोटी वाटण्यासारखी आहे का सांगा. त्या काळात इकडे बाहेरची गिटार मिळायची नाही, बोटीवरचे लोकच आणायचे, गोव्यातल्या आणि वांद्र्याच्या कितीतरी घरांत अशाच आल्या.

मी पॉटचा, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या आतल्या भागाचा, फोटो मागितला तर पाच मिनिटांत पाठवला. पिकगार्डच्या आतला, पॉटवर कोरलेलं स्वच्छ दिसतंय १३७७६३३. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७६ साल, ३३ वा आठवडा. पॉटच्या पाठीवर सोल्डरचा मोठा थेंब आणि त्यात वायरच्या कापडी वेष्टणाचा एक धागा अडकलेला. तो धागा बघून माझा विश्वास बसला, वाटलं असलं कोण मुद्दाम करेल.

पॉटच्या कोडवर सौदा करू नका. पॉट मूळचाच आणि ७६ चा असेल तर गिटार ७६ च्या आधीची नाही एवढंच कळतं, नंतरची कितीही असू शकते. जुने पॉट सुटे विकत मिळतात. आणि फोटो तर कोणाच्याही गिटारचा असू शकतो, हे मला का सुचलं नाही.

भाव करून १ लाख ९२ हजारांवर आलो. अमेरिकेत ठीकठाक अवस्थेतल्या ७६ च्या स्ट्रॅटला अडीच-तीन हजार डॉलर जातात, वर आणायचा खर्च आणि ड्युटी, त्या हिशोबाने स्वस्तच वाटली. ११,००० टोकन यूपीआयने, न बघता. टोकन दिलं की आपण मनाने विकलेलो असतो, मग उरलेलं सगळं आपणच स्वतःला समजावत बसतो.

पश्चिम उपनगरात एका फ्लॅटवर भेटलो. माणूस पस्तिशीचा, चांगलं मराठी बोलणारा, दादा दादा करत होता, चहा दिला. गिटार हातात दिली, ॲम्पला लावून दिली, आवाज चांगला होता हे आजही म्हणेन. मग मी गिटार उलटी केली.

नेकप्लेटला चार स्क्रू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ७१ च्या शेवटापासून सत्तरचं सगळं दशक स्ट्रॅटची नेक तीन स्क्रूंवर बसायची आणि हेडस्टॉकवर ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या सळईचं) बंदुकीच्या गोळीसारखं टोक दिसायचं. लोक त्या तीन स्क्रूंना शिव्या घालतात, नेक हलते म्हणून, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते. मलाही पाठ होती. मी मोजले. एक, दोन, तीन, चार. अंगठा फिरवला त्यांच्यावर, डोकी एकदम करकरीत, कधी स्क्रूड्रायव्हर लागला नसावा अशी. विचारलं, अरे हे चार कसे? तो लगेच म्हणाला, दादा मामांनीच करून घेतले, तीनवर नेक सरकायची, तेव्हा सगळेच करायचे. आणि मी म्हणालो, हो, बरोबर.

हो, बरोबर!! त्याच्या आधी मीच मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं, त्याने फक्त ते तोंडाने म्हटलं. तिथेच उठायला हवं होतं. ११ हजार गेले असते, जाऊ देत. मी रोज रात्री ते चार स्क्रू मोजतो.

पिकगार्ड उघडू का विचारलं तर म्हणाला, सोल्डरला कधी कोणी हात लावलेला नाही, उघडलं तर किंमत पडेल, फोटोसाठी एकदाच उघडला होता. हे अर्धं खरं असतं म्हणून गळी उतरतं. ओरिजिनल पार्ट्सला खरंच किंमत असते, नुसता रंग पुन्हा मारलेला असला तरी भाव निम्म्यावर येतो. पण जो विकणारा नेक काढून आतला शिक्का दाखवत नाही, पिकगार्ड उघडू देत नाही, त्याच्याकडून गिटार घेऊ नका, विषय संपला.

८१,००० तिथेच मोबाईलवरून ट्रान्सफर केले आणि १,००,००० कॅश. कॅशमध्ये ६०,००० भिशीचे होते आणि ४०,००० मित्राकडून हातउसने, ते अजून फेडतोय. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर ‘रिसिव्हड’ एवढंच लिहिलं, रक्कमही नाही.

तीन आठवड्यांनी सेटअपला रिपेअरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी उघडायच्या आधी बॉडीची कड पट्टीने मोजली. स्ट्रॅटची बॉडी साधारण ४५ मिलिमीटर जाड असते, माझी ४० भरली. दहा रुपयांच्या पट्टीने कळलं असतं. मग पिकगार्ड काढला. तिन्ही पिकअपला (तारांखालचे आवाज पकडणारे भाग) मिळून एकच मोठा खड्डा खणलेला, सत्तरच्या स्ट्रॅटमध्ये तसा नसतो, प्रत्येकाची जागा वेगळी असते. पॉट छोटे, नवे, बटणाएवढे. फोटोतला पॉट त्यात नव्हताच. काका काही बोलले नाहीत, फक्त ५०० घेतले, आणि मी विचारल्यावर म्हणाले, आज विकलीस तर १८-२० हजार येतील.

त्याचा नंबर तोवर बंद. फ्लॅट दिवसाच्या भाड्याचा निघाला.

आता पोलिसांचं. आमच्या इथल्या पोलीस स्टेशनला गेलो, ते म्हणाले व्यवहार जिथे झाला तिथे जा. तिकडे गेलो, ते म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरला सांगितलं तर म्हणाले वस्तू समोरासमोर हातात मिळाली, आमचं नाही. परत आमच्या इथे. एक साहेब म्हणाले, गिटार मिळाली ना, वाजते ना, मग फसवणूक कसली? दुसऱ्यांनी विचारलं, जुनी वस्तू नवीपेक्षा महाग कशी असेल? मी त्यांना तीन स्क्रू आणि चार स्क्रू समजावत उभा, मागे लाईन लागलेली. म्हणाले दिवाणी मॅटर आहे, वकील बघा. म्हटलं खोटा नंबर चिकटवून विकलीय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, झिरो एफआयआर कुठेही घेता येते, तर म्हणे कायदा आम्हाला शिकवू नका. सात फेऱ्या झाल्या, चार रजा गेल्या. हातात काय, तक्रार अर्जावर आवक शिक्का. तज्ज्ञाचं लेखी आणा म्हणाले, तर काका कोर्टाच्या भानगडीत पडायला तयार नाहीत, त्यांना तरी काय बोलणार. बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच केलीत. ग्राहक मंचाचं वकिलाला विचारलं तर तो म्हणाला समोरचा दुकानदार नाही, एकट्या माणसाने आपली वस्तू विकलीय, तिथे टिकणार नाही. आणि लाखाच्या कॅशचा तर विषयच कोणी काढू देत नाही, पुरावा काय, आधी ते सांगा. मग सामान्य माणसाने जायचं कुठे?

ऑनलाइन पैसे गेलेत आणि संशय आला तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे तीन आठवडे घालवू नका. कॅश देऊ नका. गिटार समजणारा पण ती नको असलेला मित्र बरोबर न्या, आणि त्याने नाही म्हटलं तर ऐका.

गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाने जाहिरात दिसली. १९७६, नॅचरल फिनिश, आजोबांची, २ लाख ४० हजार. चॅटवर पॉटचा फोटो मागितला. पाच मिनिटांत आला. १३७७६३३, तोच सोल्डरचा थेंब, त्यात तोच धागा. हा फोटो तुमच्यापैकी कोणाला आला असेल तर टोकन देऊ नका, आणि चॅट डिलीट न करता मला कळवा, मला आठव्या फेरीला बरोबर न्यायला अजून एक तक्रारदार हवाय.