आठ महिने बिगिन-रोलबॅक: सगळं परत येतं, बिल नंबर सोडून

मंगळवारी अकाउंटंट काकांनी विचारलं, "अहो, मधली अकरा बिलं कुठायत?" ती बिलं झालीच नव्हती. नवा डिस्काउंट तपासायला मी बिगिन करून (इथून पुढचे बदल कच्चे) अकरा बिलं घातली, बेरजा पाहिल्या आणि रोलबॅक केलं (कच्चे बदल रद्द). ओळी गेल्या, पण माझ्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या सिक्वेन्सने, म्हणजे दर वेळी पुढचा नंबर देणाऱ्या सोयीने, दिलेले अकरा नंबर वाया गेले. जीएसटीत बिलांचे क्रमांक सलग लागतात. काकांना काय सांगू?

दुकान छोटं आहे, वेगळ्या टेस्ट सर्व्हरचं भाडं मला परवडत नाही. म्हणून चालू डेटाबेसवरच आधी बिगिन, मग बदल, मग सिलेक्टने ओळी पाहून खात्री, मग कमिट, म्हणजे बदल पक्के. या सवयीने मला वाचवलंय. मार्चमध्ये व्हेअर, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ती अट, लिहायचं राहिलं. तीन वस्तूंचे दर बदलायचे होते, उत्तर आलं 'अपडेट ४३१२', म्हणजे ४३१२ ओळी बदलल्या. रोलबॅक केलं आणि सगळे दर जागेवर! आधी वापरायचो त्या मायएसक्यूएल डेटाबेसवर ऑल्टर टेबल (टेबलाच्या रचनेत बदल) केलं की आधीचे बदलही आपोआप कमिट व्हायचे. पोस्टग्रेसमध्ये जोडलेला कॉलमसुद्धा मागे घेता येतो.

एकदा मात्र स्टॉकचा अपडेट तसाच उघडा ठेवून जेवायला गेलो. त्या ओळी लॉक, काउंटरवर गिऱ्हाईक उभं. तेव्हापासून आयडल-इन-ट्रान्झॅक्शन टाइमआउट (बिगिन करून नुसतं उघडं ठेवलं तर कनेक्शन तोडणारी मर्यादा) पाच मिनिटांवर आहे. ही सोय पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, पण मुळात बंद असते. ती चालूच मिळायला हवी होती.

नंबरांबद्दल आधी मी चिडलोच, हा बग आहे असं धरून बसलो. नंतर पटलं: सिक्वेन्सने नंबर परत घ्यायचे ठरवले, तर एका काउंटरचं बिल कमिट होईपर्यंत दुसऱ्याला नंबरच देता येणार नाही. शेकडो जण एकदम वापरतात तिथे नंबर परत न घेणंच बरोबर आहे. पण बिलांसाठी सिक्वेन्स वापरू नका, हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

आता बिल नंबर एका छोट्या टेबलात आहे, एकच ओळ. अपडेटने तो एकने वाढवायचा आणि त्याच आदेशातल्या रिटर्निंगने नवा नंबर घ्यायचा. रोलबॅक केलं की तोही मागे जातो. फक्त माझी चाचणी उघडी असेपर्यंत दोन्ही काउंटर नव्या बिलासाठी थांबतात, म्हणून चाचणी रात्री नऊनंतर, शटर ओढल्यावर.